डूलॅली म्हणजे आमचंच देवळाली

मी मूळची देवळाली कॅम्पची, आता बरीच वर्षं इंग्लंडात. त्यामुळे दर गणपतीत मंडळातलं कोणीतरी विचारतंच, "अगं ते इंग्लिश लोक डूलॅली म्हणतात ते खरंच तुमच्या देवळालीवरून, की व्हॉट्सअ‍ॅपची फेकाफेक?" तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. खरंय ते, आमचंच गाव.

इथे डूलॅली म्हणजे सटकलेला, डोकं फिरलेला. पण शिवी नाही, जरा लाडातच म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकला तो ऑफिसातल्या प्रिंटरबद्दल, एकाच पानाच्या धडाधड कॉप्या काढत सुटला होता, आणि शेजारची बाई म्हणाली, "गॉन डूलॅली!" मी चमकलेच. म्हटलं अगं हे माझं गाव आहे, तर तिला वाटलं मी फिरकी घेतेय, शेवटी फोनवर स्टेशनची पिवळी पाटी काढून दाखवली.

झालं असं की १८६१ मध्ये ब्रिटिशांनी देवळालीला ट्रान्झिट कॅम्प उघडला. विलायतेतून आलेले सोजीर आधी इथे, आणि नोकरीची मुदत संपली की घरी जायच्या आधीही इथेच. खरी मेख बोटींची. सैनिकांना नेणाऱ्या बोटी मुंबईहून सुटायच्या त्या साधारण नोव्हेंबर ते मार्च. म्हणजे ज्याची मुदत एप्रिलात भरली तो बसला पुढच्या हिवाळ्यापर्यंत माश्या मारत! काम जवळपास नाहीच, वर ऊन, मग पाऊस, डास, आणि दारू. मलेरिया, गुप्तरोग, मारामाऱ्या, मग कोठडी, आणि काहीजण खरोखरच भ्रमिष्ट व्हायचे.

आणि मूळ शब्द नुसता डूलॅली नाहीये, डूलॅली टॅप आहे. हा टॅप म्हणजे नळ नव्हे हो, आपला ताप! देवळालीचा ताप. आईला फोनवर हे सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "म्हणजे सोजिरांच्या डोक्याला ताप, असंच ना?" इतकं सोपं मला सुचलं नव्हतं.

पुढे इंग्रजांनी तो ताप गाळला आणि खापर उरलं गावाच्या नावावर, याचा मला खरंच राग येतो. अहो लोक देवळालीला हवापालटाला येतात, सॅनेटोरियमं आहेत, पारशी-गुजराती मंडळींचे जुने बंगले आहेत. वेड लागलं ते घरी जायची वाट बघून बघून, आमच्या हवेने नाही.

गंमत म्हणजे पुण्यात डूलॅली नावाची ब्रुअरी निघाली आणि तिच्या बारचं नाव टॅपरूम. गाळलेला टॅप परत आला म्हणायचा, फक्त यावेळी नळाचाच, बिअरच्या.