अनुदान हातात येत नाही, हे मला उशिरा कळलं

आमच्याकडे तूर निघाली की वर्षाची बेगमी ठेवून बाकीची बाजारात जाते. तीच तूर डाळ होऊन गावातल्या दुकानात येते आणि आपलेच लोक ती दुप्पट भावाने घेतात. लग्न होऊन आले तेव्हापासून हे बघत होते. बचत गटाच्या बैठकीत प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेची माहिती मिळाली आणि मनात डाळ मिल बसली ती बसलीच. ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. मी हिशेब केला: आठ लाखांची मिल, त्यातले २ लाख ८० हजार सरकार देणार, उरलेले कसेही जमवू.

हा हिशेबच चुकीचा होता. या योजनेची कागदपत्रं जुळवायला आणि अर्ज भरायला जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेली असते. आमच्या भागातले दादा ओट्यावर बसले आणि माझ्या वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडले. प्रकल्प ८ लाखांचा. किमान १० टक्के, म्हणजे ८० हजार आपले. बाकी ७ लाख २० हजार बँकेचं कर्ज. अनुदान येतं ते बँकेत, वेगळ्या खात्यात पडून राहतं. कर्जाचा शेवटचा टप्पा मिळाल्यापासून तीन वर्षं हप्ते नियमित राहिले आणि उद्योग चालू असला, तरच ते कर्जात वळतं होतं. "ताई, तुम्ही अनुदान मागायला नाही, कर्ज मागायला चाललाय," ते म्हणाले. ते पान मी अजून जपून ठेवलंय.

त्याआधी एक जण घरी येऊन गेला होता. फाईल मंजूर करून आणतो, अनुदानातले दहा टक्के द्या, म्हणाला. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. संसाधन व्यक्तीचं मानधन सरकार देतं, अर्जदाराने एक रुपयाही द्यायचा नसतो, हे दादांनी सांगितलं नसतं तर मी फसले असते. हे प्रत्येक गटात मोठ्याने सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आधार, पॅन, बँकेचं स्टेटमेंट, उद्यम नोंदणी (म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) हे सगळं आठवड्यात झालं. उद्यम नोंदणीला फी नाही, तीही मोबाईलवर झाली. अडलं ते जागेवर. मिल बसवायची ती पत्र्याची शेड ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर अजून सासऱ्यांच्या नावावर, आणि त्यांना जाऊन सहा वर्षं झालेली. वारस नोंद कुणी केलीच नव्हती. मृत्यूचा दाखला शोधला, अर्ज दिला, मग दोन्ही दिरांची संमती. धाकटे भाऊजी पुण्याला असतात. ते एका रविवारी आले, शेडमध्ये जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, आण्णांच्या जागेत मशीन फिरणार असेल तर कुठे सही करू सांगा." नोंद लागायला चार महिने गेले, पण त्या दिवशी मला फार बळ मिळालं.

ऑनलाइन अर्ज गेला, जिल्हा समितीने शिफारस केली आणि फाईल बँकेत पोचली. तिथून ती दोनदा परत आली. एकदा मशीनच्या दुकानदाराने दिलेल्या कोटेशनची, म्हणजे लेखी दरपत्रकाची, मुदत संपली म्हणून, आणि एकदा कोटेशनचा आकडा आणि प्रकल्प अहवालातला आकडा जुळत नव्हता म्हणून. एकात जीएसटी धरलेला, दुसऱ्यात नाही. चूक आमचीच होती. पण ती पहिल्याच खेपेला सांगितली असती तर दोन महिने वाचले असते, याचा राग मात्र येतो. बँकेतल्या साहेबांनी विचारलं, "वर्षभर तूर आणणार कुठून?" मी गटातल्या बायकांच्या तुरीची यादी पुढे ठेवली, कुणाची किती एकर, मागच्या वर्षी किती पोती. ती त्यांनी शेवटपर्यंत वाचली. त्यानंतर बोलण्याचा सूर बदलला. कर्ज मंजूर झालं.

थ्री फेज कनेक्शन, मशीन बसवणं, अन्न परवाना, यात आणखी तीन महिने.

पहिला घाणा आमच्याच तुरीचा काढला. तेल-पाणी लावून रात्रभर झाकून ठेवली, उन्हात वाळवली आणि मग भरडली. पहिल्या दिवशी तुकडा जास्त पडला, कारण तूर पुरती वाळली नव्हती. पुढच्या खेपेला एक ऊन जास्त दिलं. चुनी गाईला जाते. भरडाईला आता आसपासच्या चार गावांतून पोती येतात. अनुदानाची रक्कम बँकेच्या त्या वेगळ्या खात्यात जमा आहे आणि दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत मी हप्ता भरते.

परवा शेजारच्या गावातली एक जण तिच्या मिरची कांडपाचे कागद घेऊन आली. चहा ठेवायच्या आधी मी कोटेशन आणि अहवाल शेजारी-शेजारी धरून बघितले. तिच्याही एका आकड्यात जीएसटी होता, दुसऱ्यात नव्हता. तिथूनच दुकानदाराला फोन लावायला लावला.