क्लोरीनचे पाणी आणि आमच्या बाई

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहावे, असे शाळेचे पत्र आले आणि आधी आठवल्या त्या रसायनशास्त्राच्या बाई. त्यांचे नाव इथे सांगण्याची गरज नाही. प्रयोगशाळेच्या जिन्याने वर गेलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे.

फ्लुओरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन या हॅलोजनांचा पाठ बाईंनी फळ्यावरून सुरू केला नाही. पोटॅशियम ब्रोमाइड आणि पोटॅशियम आयोडाइड यांच्या रंगहीन द्रावणांत त्यांनी क्लोरीनचे पाणी थेंबथेंब सोडले. एक द्रावण नारिंगी झाले, दुसरे तपकिरी. त्या दुसऱ्यात घरून आणलेली भाताची पेज पडताच तिच्यातील स्टार्चमुळे गर्द निळा रंग उमटला. "कोणी कोणाचा इलेक्ट्रॉन घेतला?" एवढेच त्यांनी विचारले. बाह्यतम कवचात सात इलेक्ट्रॉन असलेल्या या मूलद्रव्यांना आठवा हवा असतो आणि अणू मोठा होत जातो तशी केंद्रकाची ओढ कमी पडते, हे आम्ही त्या रंगांवरून शिकलो.

मागच्या बाकावरील एका मुलीने तक्ता पाहून शंका काढली: फ्लुओरीन सर्वांत क्रियाशील, तर इलेक्ट्रॉन स्वीकारताना क्लोरीनची 349 किलोज्यूल प्रति मोल ऊर्जा बाहेर पडते आणि फ्लुओरीनची 328 च, हे कसे? बाईंनी तो प्रश्न परीक्षेत येणार नाही म्हणून बाजूला सारला नाही. पुढचा सबंध तास त्यांनी त्याला दिला. फ्लुओरीनच्या लहानशा कवचात आधीच दाटी असल्यामुळे नव्या इलेक्ट्रॉनला प्रतिकर्षण सोसावे लागते. परंतु त्याच दाटीमुळे फ्लुओरीनच्या दोन अणूंमधील बंध क्लोरीनच्या मानाने बराच दुबळा असतो आणि तयार झालेला इवलासा आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, पाण्यात किंवा स्फटिकात भरपूर ऊर्जा सोडतो, म्हणून अखेरचा हिशेब फ्लुओरीनच्याच बाजूने लागतो. एका आकड्यावरून पदार्थाचा स्वभाव ठरवू नये, हे मला त्या तासाने दिले. इतके स्पष्ट विवेचन मी पुढे पदवीच्या वर्गातही ऐकले नाही.

आज मी नाशिकमध्येच पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो. ब्लीचिंग पावडरमधील क्लोरीन आम्ही आयोडाइडमधून आयोडीन मुक्त करूनच मोजतो. शेवटी स्टार्चचा निळा रंग नाहीसा होईपर्यंत, आयोडीन संपवणारे थायोसल्फेटचे द्रावण सोडायचे. नव्या सहकाऱ्यांना मी हे शिकवतो ते बाईंच्याच क्रमाने, आधी रंग आणि मग समीकरण.

मध्यंतरी शाळेत गेलो तेव्हा हा प्रयोग पडद्यावर दाखवला जात असल्याचे कळले, याचे मनापासून वाईट वाटले. महोत्सवानिमित्त प्रयोगशाळेसाठी निधी जमणार असेल, तर त्यातून प्रत्येक गटाला स्वतःच्या परीक्षानळ्या आणि ही तिन्ही द्रावणे मिळावीत. त्या खर्चाचा माझा वाटा मी या लेखासोबतच पाठवत आहे.