सांताक्लॉजची हाडं पळवणारं गाव

दक्षिण इटलीतल्या बारीला लोक समुद्र बघायला आणि पास्ता खायला जातात. दोन्ही झकास. आर्को बास्सो गल्लीत दारासमोर टेबल मांडून पास्त्याचे छोटे कान वळणाऱ्या बायका तर बघाव्यातच. पण मुलं बरोबर असतील तर मी म्हणेन, आधी सान निकोलाची बॅसिलिका गाठा. सांताक्लॉज तिथं तळघरात आहे. म्हणजे त्याची हाडं आहेत, आणि तीही चोरीची.

तळघरात जाण्याआधी गोष्ट बाहेर चौकातच सांगून टाकावी. खाली प्रार्थना चाललेली असते, त्यात रशियन यात्रेकरूंची दाटी, आणि बोलायला जागा नाही. शिवाय हाडं दिसत नाहीत, ती संगमरवरी वेदीखाली बंद आहेत. सांगाडा बघायला मिळेल अशी आशा लावून नेलेलं पोर जाळीसमोर पाच मिनिटांत कंटाळतं, आणि चूक पोराची नसते.

गोष्ट अशी. ज्याच्यावरून सांताक्लॉज आला तो संत निकोलस हा चौथ्या शतकातला मायराचा बिशप. मायरा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं देम्रे. त्याच्या कबरीत पाझरणारं पाणी भाविक औषध म्हणून नेत. १०८७ साली बारीचे खलाशी तिथं पोचले. व्हेनिसवाल्यांचाही तोच बेत असल्याचं कानावर आल्यामुळे घाई होती. पहारा देणाऱ्या साधूंना दमात घेऊन मत्तेओ नावाच्या तरुणाने कबरीचा दगड फोडला, तो आत उतरला आणि त्या पाण्यातून चाचपडत हाडं वर देऊ लागला. कवटी, मांड्यांची हाडं असा मोठा ऐवज आला; बारीकसारीक तिथंच राहिलं, काही त्याच्याच पायाखाली मोडलं. ९ मे रोजी जहाजं बारीला लागली. उरलासुरला चुरा बारा-तेरा वर्षांनी व्हेनिसवाल्यांनी उचलला. गंमत म्हणजे विसाव्या शतकात लुईजी मार्तिनो या शरीरशास्त्रज्ञाने दोन्हीकडची हाडं तपासली, तेव्हा ती एकाच सांगाड्याची असावीत असं दिसलं. पुढे कवटीच्या मापांवरून चेहरा उभा केला, तर नाक मोडलेलं निघालं! निकोलसने धर्मसभेत एरियस नावाच्या विरोधकाच्या थोबाडीत मारली अशी दंतकथा आहेच, पण नाकाचा त्याच्याशी संबंध जोडायला पुरावा नाही. मुलं जोडतातच.

याहून भयंकर प्रकरण निकोलसच्या चित्रांत आहे. संताच्या पायाशी एका पिंपात तीन पोरं उभी दिसतात. खाटकाने त्यांना कापून मिठात मुरवलं होतं आणि निकोलसने त्यांना जिवंत केलं, अशी ती कथा. ही जेवणानंतर सांगावी, विशेषतः हॅम, म्हणजे मिठात मुरवलेलं डुकराचं मांस, मागवणार असाल तर.

हे सगळं विचित्र वाटलं तर जुन्या गोव्याकडे बघा. संत फ्रान्सिस झेवियरचा उजवा हात १६१४ साली कापून रोमला नेला, आणि त्याच्या पायाचं बोट एका भाविक बाईने चावून तोडल्याचं सांगतात. त्यामानाने बारीकर सभ्य.

कबरीतलं पाणी अजूनही दर ९ मेला काढतात आणि ते मिसळलेलं तीर्थ छोट्या बाटल्यांतून विकतात. मला तो बंदराच्या गावातल्या तळघराचा ओलावा वाटतो, पण हे तिथल्या दुकानदाराशी बोलू नये. प्रवेशाला पैसे नाहीत; खांदे झाकलेले हवेत. मेमधल्या उत्सवात लहान मुलांना नेणं म्हणजे त्यांना माणसांच्या पाठी दाखवणं. ६ डिसेंबर हा निकोलसचा खरा दिवस, पण त्या दिवशी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य प्रार्थना, भल्या पहाटेच सुरू होते आणि लग्नाळू मुली तळघरातल्या तांबड्या खांबापाशी नवरा मागायला जमतात. त्यापेक्षा साध्या वारी दुपारी जावं, तेव्हा निदान पिंपातली पोरं नीट दिसतात.