वडाची पानं काढायची नसतात

गेले चार महिने दर रविवारी सकाळी साडेसहाला विद्यापीठाच्या आवारात जातेय, एका वडासाठी. ऑइल रंगांत लँडस्केप शिकायचं कॉलेजपासून मनात होतं, जमलं आत्ता बेचाळिसाव्या वर्षी.

पहिल्या दोन बोर्डांवर मी पानंच काढत बसले, एकेक, बारक्या ब्रशने, आणि दोन तासांनी चार पावलं मागे जाऊन बघितलं तर झाड कुठेच नाही, नुसते हिरवे ठिपके. सर म्हणाले, डोळे बारीक करून बघ आणि काय दिसतंय ते सांग. बघितलं तर पानं गेलीच, राहिले पाच-सहा मोठे गोळे, माथ्यावर ऊन आणि पोटाशी अंधार. ते गोळे काढायचे. पानं फक्त कडेला, जिथे झाड आभाळाला लागतं तिथे थोडीशी, बाकीची बघणारा आपली आपण बघतो.

आता आधी बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी रंग, टर्पेंटाइनमध्ये पातळ करून नुसता अंधार मांडून घेते. अंबर लवकर वाळतो म्हणून तो खाली बरा. मग आभाळ, मग मागची टेकडी, ती लांब असल्यामुळे निळसर आणि फिकट ठेवायची, आणि मग वड. वरच्या थरांत जवसाचं तेल वाढवत जायचं, कारण तेल जास्त असलेला थर हळू वाळतो आणि तो खाली गेला तर वरचा रंग पुढे तडकतो. (हो, चटणीच्याच जवसाचं तेल, पण चित्राचं वेगळं शुद्ध केलेलं येतं, किचनमधलं वापरू नका.)

हिरव्याने मला सगळ्यात जास्त रडवलं. ट्यूबमधला सॅप ग्रीन तसाच लावला की प्लॅस्टिकचं झाड दिसतं. आता अल्ट्रामरीन निळा आणि मातकट पिवळा यलो ऑकर मिसळते, सावलीत तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना टाकते, उन्हात थोडा कॅडमियम यलो, आणि मग तो वडाचा जुना, जड हिरवा येतो. मार्चमध्ये कोवळी पालवी तांबूस होती तेव्हा तर हिरवा जेमतेम लागला.

मला खरी आवडलेली गोष्ट म्हणजे फटी. फांद्यांमधून आभाळाचे तुकडे दिसतात ना, ते शेवटी भरायचे, आणि मोकळ्या आभाळापेक्षा जरा गडद. त्याच रंगाने भरले तर झाडाला भोकं पाडल्यासारखी दिसतात, मी दोनदा पाडलीत. गडद केले आणि झाडातून एकदम हवा खेळायला लागली, मी तिथेच ब्रश हातात धरून उभी राहिले बराच वेळ. पारंब्या त्यानंतर, लांब केसांच्या रिगर ब्रशने, श्वास धरून, वरून खाली एकाच ओढीत.

एक मात्र लक्षात ठेवा, तेलाची फडकी चुरगाळून डब्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. मी गॅलरीत दोरीवर पसरून टाकते.

पाचवा बोर्ड हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवलाय. पावसाळी हवेत वाळायला वेळच लागतोय, पिवळा अजून बोटाला लागतो. वार्निश दिवाळीनंतर.