बोलायला मिळणारी वीस मिनिटे

चाळीस मुलांचा वर्ग आणि चाळीस मिनिटांची तासिका असा हिशेब मांडला, तर शिक्षकाने तोंडातून चकार शब्द काढला नाही तरी प्रत्येक मुलाच्या वाट्याला बोलण्यासाठी जेमतेम एक मिनिट येते. तीच चाळीस मिनिटे भाषा मंडळातल्या बारा मुलांनी जोडीजोडीने बसून घालवली, तर प्रत्येकाला वीस मिनिटे बोलता येते. माध्यमिक शाळेत भाषा मंडळ कशासाठी हवे, असे विचारणाऱ्याला देण्यासाठी माझ्याकडे याहून साधे उत्तर नाही. शाळा सुटल्यानंतरच्या वेळेत असे मंडळ चालवायला लागल्यापासून या उत्तरावरचा माझा विश्वास वाढतच गेला आहे.

बोलल्याशिवाय भाषा येत नाही, हे सगळेच म्हणतात; त्यामागचे कारण मला नीट उमगले ते भाषाशिक्षणाच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांच्या संशोधनामुळे. कॅनडात घरी इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना शाळेत इतर विषयही फ्रेंचमधून शिकवले जात होते. काही वर्षांनी या मुलांना ऐकलेले आणि वाचलेले फ्रेंच उत्तम समजू लागले, पण त्यांच्या बोलण्यालिहिण्यातले व्याकरण मात्र कच्चेच राहिले. ऐकताना संदर्भावरून अर्थ लागतो, त्यामुळे प्रत्येक प्रत्ययाकडे लक्ष द्यावेच लागत नाही. बोलताना तो प्रत्यय आपल्यालाच निवडावा लागतो, अशा आशयाची मांडणी स्वेन यांनी १९८५ साली केली. युरोपात २००१ साली प्रसिद्ध झालेल्या भाषाप्रावीण्याच्या सामायिक चौकटीतही ‘संवादातले बोलणे’ आणि ‘एकट्याने केलेले बोलणे’ अशी दोन कौशल्ये वेगळी मोजली आहेत. तोंडी परीक्षेसाठी आपण मुलांकडून पाठ करून घेतो ते यांतले दुसरे. समोरच्याने अनपेक्षित प्रश्न विचारल्यावर जे सुचावे लागते ते पहिले, आणि त्याला वर्गात जागाच उरत नाही.

पहिल्या वर्षी मी स्वतः मोठी चूक केली. मंडळाचे काम दिसले पाहिजे या आग्रहापायी आम्ही जवळजवळ तीन महिने एका परभाषेतल्या समूहगीताची तालीम केली. कार्यक्रम छान झाला, कौतुकही झाले. पण नंतर गाण्यातल्या एका साध्या ओळीचा अर्थ विचारला, तेव्हा गाणाऱ्यांपैकी निम्म्या मुलांना तो सांगता आला नाही. ती मुले तीन महिने माझ्यासमोर होती आणि त्यांना त्या भाषेत एकमेकांशी एकही वाक्य बोलावे लागले नव्हते, याची बोच अजून गेलेली नाही. प्रदर्शने, सजावट, वेशभूषा यांना माझा विरोध नाही. फक्त त्यांची तयारी त्याच भाषेत बोलून व्हावी, एवढे पथ्य आता मी कसोशीने पाळते.

मंडळात खरी गंमत येते ती भाषा शेजारीशेजारी ठेवल्यावर. एकदा जर्मन शिकणाऱ्या मुलीने फळ्यावर सूर्य स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी असे लिहिले. फ्रेंच शिकणारा मुलगा लगेच उठला आणि त्याने शेजारी नेमके उलटे लिहिले, कारण फ्रेंचमध्ये सूर्य पुल्लिंगी आणि चंद्र स्त्रीलिंगी आहे. मराठीत दोन्ही पुल्लिंगी, हे तिसऱ्याने जोडले. मग जर्मनमध्ये ‘मुलगी’ या अर्थाचा ‘मेड्शन’ हा शब्द नपुंसकलिंगी का, यावर वाद रंगला आणि तो शब्दाच्या शेवटी येणाऱ्या लघुत्वदर्शक, म्हणजे ‘लहान’ असा अर्थ देणाऱ्या, प्रत्ययामुळे तसा आहे, हे शब्दकोश चाळून मुलांनीच शोधून काढले. हाच नियम मी वर्गात दोनदा शिकवला होता आणि तो कोणाच्याही लक्षात राहिला नव्हता.

ज्यांना चारचौघांत बोलायचा संकोच वाटतो, त्यांच्यासाठी भाषाविज्ञान ऑलिंपियाडची कोडी मला फार मोलाची वाटतात. अशा स्पर्धांची सुरुवात १९६५ साली मॉस्कोत झाली आणि २००३ साली बल्गेरियात पहिले आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड भरले. कधी न ऐकलेल्या भाषेतली काही वाक्ये आणि त्यांचे अर्थ समोर ठेवलेले असतात. त्यांवरून नियम शोधायचे आणि नवी वाक्ये तयार करायची. पूर्वज्ञान लागत नाही, तर्क लागतो. भाषेत कायम काठावर पास होणारा एक मुलगा अशा कोड्यापुढे तासभर डोके खुपसून बसला, प्रत्ययांखाली रंगीत पेन्सिलीने रेघा ओढत राहिला, आणि उत्तर सापडल्यावर ते शेजाऱ्याला समजावताना जितका बोलला तितका मी त्याला वर्षभरात बोलताना ऐकले नव्हते.

भाषा मंडळ म्हणजे परकीय भाषांचेच मंडळ, ही समजूतही सोडायला हवी. युनेस्कोने १९९९ साली २१ फेब्रुवारी हा आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन म्हणून घोषित केला. त्या निमित्ताने आमच्याकडे मुले आपापली घरची भाषा इतरांना शिकवतात. मराठी शिकवायला उभ्या राहिलेल्या मुलीला ‘आम्ही जाऊ’ आणि ‘आपण जाऊ’ यांतला फरक समजावताना अक्षरशः घाम फुटला. ऐकणारा ‘आपण’मध्ये धरला आहे आणि ‘आम्ही’मध्ये वगळला आहे, हे तिला जन्मापासून येत होते, पण शब्दांत मांडायची वेळ प्रथमच आली होती. अखेर तिने दोन मुलांना दाराशी नेले, त्यांच्याकडे आणि स्वतःकडे बोट दाखवून बाकीच्यांना ‘आम्ही’ म्हटले, मग सगळ्यांना हात करून ‘आपण’ म्हटले, आणि वर्गाला कळले.

अडचणी आहेतच. परीक्षा जवळ आली की सर्वांत आधी मंडळाचा तास रद्द होतो आणि खोली दुसऱ्याच कामाला दिली जाते, याचे मला दरवर्षी वाईट वाटते. त्यावर मला सापडलेला उपाय म्हणजे मंडळ मुलांच्याच हाती देणे. विषय ठरवणे, जोड्या लावणे, कोण किती बोलले यावर लक्ष ठेवणे हे सगळे वरच्या वर्गातली मुले करतात. खोली नसेल तर ती व्हरांड्यात बसतात, आणि शाळा सोडताना मंडळाच्या वहीत पुढच्या मुलांसाठी सूचना लिहून ठेवतात. गेल्या वर्षी त्या वहीत एका मुलीने लिहिले होते की नवीन मुलाला पहिल्या दिवशी उभे करून ओळख सांगायला लावू नका, आधी कोणीतरी त्याच्या शेजारी बसा. या वर्षी पहिल्या दिवशी मी पोहोचले, तेव्हा खुर्च्या दोन-दोन करून मांडलेल्या होत्या आणि बोलणे सुरूही झाले होते.