तिन्ही आकडे लिही

शाळेच्या प्रयोगशाळेत तेव्हा एकच सूक्ष्मदर्शक होता आणि नववी ‘ब’ची सगळी मुलं-मुली त्याच्यापुढे रांगेत. रिओ या शोभेच्या झाडाच्या पानाचा जांभळा पापुद्रा स्लाइडवर ठेवला होता. दिसणाऱ्या वर्तुळातली पर्णरंध्रं मोजायची, स्लाइड सरकवून पुन्हा मोजायची, असे तीन आकडे वहीत लिहायचे होते. माझा नंबर आला तेव्हा तास संपत आला होता. मी एकदाच मोजलं आणि तीनदा 14 लिहून वही दिली. सर म्हटलं की आमच्या तुकडीला एकच सर आठवतात. त्यांनी वही परत केली. रागावले नाहीत. ‘पान काय आखून कापलेलं असतं का? तीन जागी सारखी रंध्रं कशी येतील? तिन्ही आकडे लिही. वेगळे आले तरी लिही.’ मधल्या सुट्टीत त्यांनी माझ्यासाठी प्रयोगशाळा उघडी ठेवली. 14, 11, 16.

पुढे मी डीएमएलटी, म्हणजे वैद्यकीय प्रयोगशाळेच्या कामाची पदविका, केलं आणि रक्त तपासण्यातच सगळी नोकरी गेली. सुरुवातीची वर्षं हातानं मोजण्याची. आरबीसी पिपेटमध्ये, म्हणजे तांबड्या पेशींच्या मोजणीसाठी खुणा केलेल्या काचेच्या नळीत, 0.5च्या खुणेपर्यंत रक्त ओढायचं, 101च्या खुणेपर्यंत रक्त पातळ करणारं हेमचं द्रावण, दोन्ही तोंडानंच. रक्त 200 पट पातळ झालं की थेंब न्यूबाउर चेंबरवर, म्हणजे बारीक चौकटी कोरलेल्या जाड काचेवर, सोडायचा आणि मधल्या 80 बारीक चौकटींतल्या तांबड्या पेशी मोजायच्या. 500 भरल्या तर 10,000नं गुणून एका घन मिलिमीटर रक्तात 50 लाख. एका नमुन्याला अर्धा तास सहज जाई. दुपारनंतर डोळे मिटले तरी चौकटी दिसायच्या.

त्यातही मेख अशी, की मोजणारीचा हात कितीही पक्का असला तरी 500च्या मोजणीत नुसत्या योगायोगानं चाळीस-पंचेचाळीस पेशी इकडेतिकडे होतात. म्हणजे एकाच रक्ताचा आकडा आज 46 लाख, उद्या 54 लाख, आणि दोन्ही प्रामाणिक. रंध्रांचे तीन आकडे वेगळे का आले, ते मला तिथे खऱ्या अर्थानं समजलं.

मग आमच्याकडे पहिला सेल काउंटर, म्हणजे पेशी मोजणारं मशीन, आला, दुसरीकडे वापरून झालेला. मशीन बसवायला आलेल्या इंजिनिअरला मी विचारलं, हे मोजतं कसं? तो म्हणाला, एका भोकातून. त्या उत्तरानं मी ही युक्ती शोधणाऱ्या वॉलेस कुल्टर या माणसापर्यंत पोहोचले. सरांच्या नंतर माझ्या कामावर सर्वांत मोठा हात आहे तो त्याचा.

कुल्टर 1913 साली अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात जन्मला. इलेक्ट्रॉनिक्सचं वेड, पण हाती पदवी नाही. जनरल इलेक्ट्रिकची एक्स-रे यंत्रं विकण्या-दुरुस्तीसाठी तो शांघाय, मनिला, सिंगापूर असा फिरला. तिथल्या रुग्णालयांत त्यानं सूक्ष्मदर्शकावर वाकून पेशी मोजणारी माणसं पाहिली. (मी हे वाचलं तेव्हा माझी स्वतःची मान दुखत होती.) हिरोशिमानंतर निकड आणखी वाढली. किरणोत्सर्गाचा परिणाम रक्तावर दिसतो, आणि हजारो माणसांचं रक्त घाईनं तपासायची वेळ आली तर चौकटी मोजत कोण बसणार?

शिकागोत तळघरात त्याचे प्रयोग चालत. सिगारेटच्या पाकिटावरच्या सेलोफेनला तापल्या सुईनं भोक पाडलं, दोन्ही बाजूंना मिठाचं पाणी, त्यात विजेचा हलका प्रवाह. मिठाच्या पाण्यातून वीज जाते, पेशीतून जवळपास जात नाही. म्हणून पेशी भोकातून जाताना क्षणभर अडथळा वाढतो आणि एक ठोका नोंदला जातो. जितके ठोके तितक्या पेशी. आणि पेशी जेवढी मोठी तेवढा ठोका उंच, म्हणजे संख्येबरोबर आकारही मिळाला. इतकी साधी गोष्ट, पण पेटंटसाठी गेल्यावर वकिलांनी त्याला ऐकवलं की भोकाचं पेटंट मिळत नसतं. 1949 साली अर्ज झाला, 1953 साली पेटंट मिळालं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत यंत्राची परीक्षा झाली आणि 1956 साली निष्कर्ष छापून आले. अर्ध्या तासाचं काम काही सेकंदांवर आलं होतं, आणि हजारो पेशी मोजल्या जात असल्यानं योगायोगाची चूकही कितीतरी आक्रसली होती.

1958 साली धाकट्या भावाबरोबर त्यानं कंपनी काढली. काचेचे नाजूक भाग फुटू नयेत म्हणून घरचीच माणसं गाडीत यंत्रं घालून गावोगावी पोहोचवत. धंदा प्रचंड वाढला, पण मला भावतो तो त्याचा शेवट. 1997 साली कंपनी विकताना त्यानं 10 कोटी डॉलर आजी-माजी कर्मचाऱ्यांसाठी बाजूला काढायला लावले. पुढच्याच वर्षी तो गेला.

मशीनवर मी जीव लावला. छोट्या पडद्यावर ते भोक दिसे, त्यात कचरा अडकला की मऊ ब्रशनं साफ करायचं. पण ते भोक फक्त ठोके ओळखतं. एकदा एका तरुण मुलीच्या प्लेटलेट 22,000 आल्या. घरचे घाबरून बाहेर बसलेले. मी पुन्हा लावलं, तरी तेच. मग स्मिअर केला, म्हणजे काचेवर रक्ताचा पातळ थर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, आणि कडेला प्लेटलेटचे गठ्ठेच्या गठ्ठे दिसले. रक्त गोठू नये म्हणून नळीत घातलेल्या ईडीटीए या रसायनामुळे त्या एकमेकींना चिकटल्या होत्या आणि मशीन गठ्ठ्यांना प्लेटलेट म्हणून ओळखतच नव्हतं. ईडीटीएऐवजी सायट्रेट घातलेल्या नळीत पुन्हा रक्त घेतलं. दोन लाखांच्या वर निघाल्या. तिच्या आईला ते सांगताना माझा आवाज कापत होता. तिन्ही आकडे मी रजिस्टरमध्ये लिहून ठेवले, का वेगळे आले त्याच्या नोंदीसकट.

शाळेच्या महोत्सवानिमित्त तिथल्या प्रयोगशाळेसाठी मी माझा जुना न्यूबाउर चेंबर देते आहे, त्यावर झाकायच्या जाड कव्हरस्लिपसह. ती साधी काच नव्हे, पुसताना जपायला हवी. रक्त नको. नववीच्या मुलांनी पाण्यात चिमूटभर यीस्ट कालवावं, पुरेसं पातळ करावं आणि तीनदा नव्यानं थेंब टाकून मोजावं. तास अपुरा पडला तर मधल्या सुट्टीत प्रयोगशाळा उघडी ठेवावी, एवढी आताच्या विज्ञान शिक्षकांना माझी विनंती आहे.