तापल्यावर अडणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: सोलापूर-तुळजापूर तपासणी फेरी

गिअरबॉक्सचं दुखणं तापल्यावरच बाहेर येत असेल, तर गॅरेजच्या सावलीत ते सापडत नाही. गाडी तापवावीच लागते, आणि त्यासाठी मे महिन्यातल्या सोलापूरसारखी जागा नाही. पारा ४२-४३ वर, सरळ चौपदरी रस्ता आणि शेवटी तुळजापूरचा घाट. जाऊन-येऊन नव्वदेक किलोमीटरमध्ये सगळ्या परीक्षा होतात.

गाडी जुनी डिझेल फोर बाय फोर, पाच गिअरचा टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनाचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) ऑटोमॅटिक. ऐंशीच्या आसपास थरथर, तापल्यावर रिव्हर्स उशिरा लागणं आणि सिग्नलवरून निघताना खालून 'टक्'. एका गॅरेजात गाडी चालवूनही न बघता निकाल मिळाला होता, "मालक, गिअरबॉक्स उतरवावा लागंल." उतरवायचा तर उतरवू, पण तो दोषी आहे का ते आधी बघू म्हटलं. ओळखीच्या मिस्त्रींना शेजारी बसवलं, त्यांच्या मांडीवर स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र.

'टक्'चा निकाल पार्किंगमध्येच लागला. चाकांना दगड लावले, गाडी न्यूट्रलला टाकली आणि प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून चाकांकडे जोर नेणारा दांडा) हातानं हलवून बघितला. मागच्या क्रॉसला, म्हणजे शाफ्टच्या सांध्याला, चांगलाच प्ले (ढिलेपणा) होता. फोर बाय फोरमध्ये शाफ्ट, क्रॉस, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणारा डबा) यांची पापं गिअरबॉक्सच्या नावावर खपतात, म्हणून हे आधी बघा.

मग ऑइल. आमच्या गाडीला डिपस्टिक आहे. सपाट जागा, इंजिन चालू, सगळे गिअर एकदा फिरवून लेव्हल बघायची. डिपस्टिक नसलेल्या गाड्यांत ती खालच्या प्लगमधून, ऑइल ठरलेल्या तापमानाला असताना बघतात. त्याला लिफ्ट लागते. आमचं ऑइल लालचं तपकिरी झालेलं, पण जळका वास नाही. दुधाळ गुलाबी दिसलं असतं तर निघालोच नसतो. रेडिएटरमधला कूलर फुटून कूलंट आत शिरल्याची ती खूण असते. बॅटरीचा व्होल्टेजही बघून घ्या, तो पडला की कंट्रोल युनिट बिघाडाचे खोटे कोड टाकतं.

जुना तुळजापूर नाका सोडला, तामलवाडीचा टोल गेला आणि ऐंशीला थरथर सुरू झाली, रम्बल स्ट्रिपवरून चाललोय तशी. इथं एक सोपी परीक्षा आहे. मागं कोणी नाही बघून, ॲक्सिलरेटर तसाच ठेवून, डाव्या पायानं ब्रेकला नुसता स्पर्श करायचा. बहुतेक गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा क्लच) सुटतो आणि आरपीएम दोन-तीनशेनं वर जातो. आमची थरथर त्याच क्षणी गेली, पाय काढल्यावर परत आली. चाकांचा बॅलन्स बिघडलेला असता तर ती गेली नसती. इंजिनाचा मिसफायर मात्र अशा वेळी फसवू शकतो, म्हणून मिस्त्रींनी स्कॅनरवर इंजिन आणि टर्बाइनच्या (कन्व्हर्टरची गिअरबॉक्सकडची बाजू) आरपीएममधला फरक लावला. लॉकअप लागल्यावर तो शून्याजवळ हवा. आमचा खालीवर नाचत होता. कोडही पी०७४१, म्हणजे लॉकअपचाच. पी०७०० एकटाच दिसला तर घाबरू नका. गिअरबॉक्सच्या युनिटमध्ये काहीतरी नोंदलंय, एवढंच तो सांगतो.

घाटात गाडी तिसरा-चौथा करत राहिली आणि ऑइलचं तापमान ११५ च्या वर गेलं. गिअर तिसऱ्यात अडकवून ठेवल्यावर तापमान चढणं थांबलं. वर पोचून रिव्हर्स टाकला तर दोन सेकंद काहीच नाही. सकाळी गार असताना तोच रिव्हर्स लगेच लागला होता. तापून पातळ झालेलं जुनं ऑइल दाब धरत नाही, किंवा आतली सीलं कडक झालीत. कुठलं ते ऑइल बदलल्यावरच कळणार होतं.

सोलापुरात परतून गिअरबॉक्सखालचा ऑइलचा पॅन उघडला. मॅग्नेटवर बारीक राखाडी लेप, तो चालतो. धातूचे कण किंवा क्लचचा काळा चुरा असता तर गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नव्हता. रेडिएटरच्या पुढच्या जाळ्या मात्र धुळीनं बुजल्या होत्या, कूलर गार करणार कसा! जाळ्या धुतल्या, फिल्टर बदलला, कंपनीनं सांगितलेल्याच ग्रेडचं ऑइल भरलं. पॅनमधून साधारण निम्मंच ऑइल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं, म्हणून थोडं चालवून पुन्हा बदललं. रिव्हर्स आता वेळेत लागतो, क्रॉस बदलल्यावर 'टक्' गेलं. थरथर खूप कमी झाली, पूर्ण गेलेली नाही; ती राहिलीच तर कन्व्हर्टर बघावा लागेल.

जाणाऱ्यांनी मंगळवार-शुक्रवार टाळावा, तुळजापुरात गर्दी असते. कोजागरीच्या सुमारास तर पायी जाणाऱ्या भाविकांसाठी हा रस्ता वाहनांना बंद करतात. कोरड्या डांबरावर पार्ट-टाइम (गरजेपुरतं लावायचं) फोर व्हील लावून टेस्ट करू नका, ट्रान्समिशनवर ताण येतो आणि निदानही चुकतं. गाडी बंद पडलीच तर दोरीनं ओढू देऊ नका. चारही चाकं वर घेणारा फ्लॅटबेडच बोलवा, आणि त्याचा नंबर निघण्याआधी फोनमध्ये ठेवा.